आईच्या नकाराची वकिली

दि. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,

गुंड्याचा शि. सा. न. वि. वि. साष्टांग अशासाठी, की पुढे रागाच्या भरात काही कमीजास्त लिहिलं गेलं तर आधीच पालथा पडलेला बरा.

फोन मुद्दाम केला नाही. गेल्या वेळी आपण दोघं एकाच वेळी बोलत होतो आणि कोण काय म्हणालं ते दोघांनाही कळलं नाही. पत्रात मधेच तोडता येत नाही. तेव्हा पूर्ण वाच आणि मग चिड.

सोमवारी आई बाइंडिंगच्या दुकानात माळ्यावरून पुठ्ठे काढताना शिडीच्या पायरीवरच मटकन बसली. मी समोरून, माझ्या चष्म्याच्या दुकानातून पाहिलं आणि धावलो. ओठ निळसर पडलेले, श्वास पुरत नाही, आणि ही बाई मला हातानं खुणावतेय की आधी पुठ्ठे घे, कोपरे दुमडतील. पुठ्ठे घेतले, मग तिला घेतलं आणि इस्पितळ गाठलं.

तिच्या हृदयाची एक झडप कडक होऊन आकसली आहे. रक्त पुढे जायला वाटच राहिलेली नाही. ती बदलायला हवी, नाहीतर वर्षभराचीसुद्धा खात्री देत नाही, असं मोठे डॉक्टर म्हणाले. माणूस हुशार आहे, मोजकं बोलतो, टायची गाठ कधी सैल करत नाही. नवी झडप डुकराच्या हृदयाची असते, चांगली टिकते, नंतर जन्मभर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या खाव्या लागत नाहीत, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात आईनं विचारलं, त्या डुकराचं पुढे काय होतं? मला वाटलं थट्टा करतेय. डॉक्टरांनाही तसंच वाटलं, ते हसले. आई हसली नाही. म्हणाली, मग नको.

ताई, चामड्याची चप्पल नको, रेशीम नको, बांधणीला जनावराच्या हाडाकातड्याचा सरस नको म्हणून हातानं शिजवलेली खळ, हे सगळं आपण लहानपणापासून हसत चालवून घेतलं. कातडी बांधणीची मोठमोठी कामं तिनं दारातून परत पाठवली, तेही गिळलं. पण पुस्तकाला कातडं न लावणं वेगळं आणि स्वतःच्या छातीत झडप न लावणं वेगळं, हे या बाईला समजवायचं कुणी? मी समजावलं, तुझ्या भावजयीनं समजावलं, परिचारिकेनंसुद्धा समजावलं. आईनं तिघांनाही चहा घेतलात का म्हणून विचारलं.

वर इस्पितळानं कळवलंय की सुचवलेला उपचार घ्यायचा नसेल तर खाट रिकामी करा.

तू वकील आहेस. या बाबतीत आईची समजशक्ती शाबूत नाही असा काहीतरी कागद तयार कर. सही आपण दोघं करू आणि ऑपरेशन उरकून टाकू. नंतर ती जन्मभर बोलली नाही तरी चालेल. बोलायला जिवंत तर असेल.

लोभ आहेच, पण सध्या त्याला धाप लागली आहे.

तुझा
गुंड्या


दि. ११ फेब्रुवारी

चि. गुंड्यास अनेक आशीर्वाद, आणि त्यातला निम्मा राखून ठेवला आहे, तू शहाण्यासारखा वागलास तर पाठवीन.

तुझं पत्र कोर्टाच्या व्हरांड्यात वाचलं. शेजारी बसलेल्या अशिलाला वाटलं माझाच खटला बुडाला.

आधी कायदा ऐक. तुला आवडणार नाही, मलाही आज आवडत नाहीये. सज्ञान माणूस शुद्धीवर असेल, आपल्याला काय झालंय आणि नाही म्हटलं तर काय होईल हे त्याला कळत असेल, तर तो कुठलाही उपचार नाकारू शकतो. धर्मामुळे नाकारो, सदसद्विवेकामुळे नाकारो, कारण डॉक्टरला पटायची गरज नाही, मुलाला नाही, न्यायाधीशालाही नाही. त्यानं जीव जाणार असला तरीसुद्धा. आणि एक उपचार नाकारला म्हणून बाकीचे बंद करून खाट रिकामी करा असं इस्पितळाला म्हणता येत नाही. ती नोटीस तू सांभाळून ठेव, त्यांना मी वेगळं बघते.

हे मला तोंडपाठ आहे, कारण याच्यावर मी पोट भरते. गोदामातला तो हमाल तुला आठवत असेल. टोचून घ्यायचं इंजेक्शन त्याच्या मनाला पटलं नाही आणि मालकानं कामावरून काढलं. त्याच्यासाठी मी तीन कोर्टं चढले. त्याची कारणं मला स्वतःला एक टक्काही पटलेली नव्हती. मी कोर्टात म्हटलं होतं की आपल्याला पटणाऱ्या विवेकाला संरक्षण द्यायला कायदा कशाला हवा. पेपरात माझा फोटो आला होता. आईनं तो कापून दुकानात भिंतीला लावला.

आता तू म्हणतोस, त्याच भिंतीखाली बसणाऱ्या बाईला कळत नाही असं मी लिहून देऊ. नाही देणार.

पण गुंड्या, मला तुझ्याइतकाच राग आलाय, हेही लिहून ठेव. परक्या माणसाचा हक्क किती सुटसुटीत असतो. आईला वेगळं पत्र लिहिते. हक्क आहे म्हणून तो वापरलाच पाहिजे असं नाही, एवढं तर मला म्हणता येईल.

तिच्या उशाशी पाणी ठेवत जा. ती मागत नाही.

आशीर्वादाचा उरलेला निम्मा माझ्यापाशी सुखरूप आहे.

ताई


दि. ११ फेब्रुवारी

ती. आईस,

कृ. शि. सा. न. वि. वि. एरवी हे मी सवयीनं लिहिते. आज खरंच पाय धरून लिहितेय.

तू बरोबर आहेस. तुझा देह, तुझा विवेक, तुझा निर्णय. वकील म्हणून माझं बोलणं इथे संपलं.

आता मुलगी म्हणून. आई, ते जनावर तुझ्यासाठी कुणी मारत नाहीये. ते आधीच गेलंय. तू झडप घेतलीस काय आणि न घेतलीस काय, त्याला काही फरक पडत नाही. फरक आम्हाला पडतो. गुंड्या दिवसातून कितीदा रस्ता ओलांडून तुझ्या बंद दुकानाच्या दाराशी जातो, ते तुझ्या सूनबाईनं मला कळवलंय. तुझ्या तत्त्वापुढे आम्ही दोघं इतके हलके आहोत का?

असं लिहायचं नव्हतं. लिहिलं, आता खोडत नाही.

तुझी लाडकी म्हणवून घेण्याचा हट्ट न सोडणारी,
ठकी


दि. १९ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद. पूर्णच पाठवतेय, माझ्याकडे राखून ठेवायला जागा नाही. खाट अरुंद आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा अक्षर पाहिलं. वकिली करून तुझं अक्षर बिघडलं.

जनावर आधीच गेलंय, हे मला तू पहिल्यांदा सांगत नाहीयेस. हेच मला माझ्या पहिल्या मालकानं सांगितलं होतं. मी सोळा वर्षांची होते, त्यांच्याकडे बांधणी शिकत होते. त्यांनी कातडं आणायला कमावणाऱ्यांच्या कारखान्यात पाठवलं. तिथे ओल्या फरशीवर कातड्यांचा ढीग होता आणि त्यातली काही फार लहान होती, दोन्ही तळहात पसरले की त्यात मावतील एवढी. सगळ्यांत मऊ तीच, असं तिथला माणूस कौतुकानं म्हणाला. मी ती खांद्यावर टाकून परत आले. मालक म्हणाले, अगं ते आधीच मेलेलं आहे. मी त्यांना म्हटलं, पण पुढचं कुणासाठी मरणार? मी मागते म्हणून ते कमावतात. त्या दिवसापासून मी मागत नाही. ठकी, एवढंच आहे. यात देव नाही, नवस नाही, पुण्य मिळवायचं नाही. मला फक्त मागणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं नाही. आणि सोपं होतं तोवर रांगेबाहेर उभी राहिले, अवघड झाल्यावर आत शिरले, तर इतकी वर्षं मी काय नुसती मिजास करत होते?

लोकांना मी काही सांगत नाही. गुंड्या बूट घालतो, घालू दे.

तुम्ही हलके नाही. तुम्ही माझ्या छातीवरच बसला आहात दोघं, त्या झडपेपेक्षा जड. पण मला सांग, मी ती झडप घेतली आणि दहा वर्षं जगले, तर ती दहा वर्षं मी तुमच्याकडे कशी बघेन? तुमच्यामुळे घेतली असं मनात येईलच. मला तुमच्याकडे तसं बघायचं नाही.

इथे छोट्या डॉक्टरीण आहेत, त्या चांगल्या आहेत. मी विचारलं म्हणून त्यांनी खरं ते सांगितलं, की ऑपरेशनच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून जे औषध देतात तेही डुकराच्या आतड्यापासूनच काढतात. झालं. एक दार लावलं तर खिडकीतून आलं. टायवाले डॉक्टर मात्र आता माझ्याशी न बोलता माझ्या पायाच्या अंगठ्याशी बोलतात.

आता मुख्य. गुंड्यानं कोर्टात अर्ज केलाय. आईला समजत नाही, तर तिच्या वतीनं मला सही करू द्या, म्हणून. काल एक पोरगेलासा कारकून कागद देऊन गेला. इतका ओशाळला होता बिचारा, की त्यालाच मी बसायला सांगितलं. तू माझी वकील हो. दुसऱ्या कुणाला मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल आणि मला आता चार वाक्यांनंतर दम लागतो.

गुंड्यावर ओरडू नकोस. तो घाबरलाय.

माया कमी पडली तर कळव, अजून आहे.

आई


दि. २३ फेब्रुवारी

गुंड्या,

आज मायना नाही, आशीर्वाद नाही. ओरडू नकोस असं आईनं सांगितलंय म्हणून बारीक अक्षरात लिहितेय.

मी नाही म्हटल्यावर तू माझ्याच गल्लीतल्या दुसऱ्या वकिलाला गाठलंस. तो मला आज जिन्यात भेटला आणि कुणी गेल्यावर भेटतात तसा हात जोडून उभा राहिला. तुझ्या अर्जाची प्रत मी वाचली. त्यात लिहिलंय की आईला चमत्कारिक कल्पनांनी ग्रासलं आहे. ग्रासलं? ज्या बाईच्या चमत्कारिक कल्पनांवर आपली दोघांची शिक्षणं झाली, त्या बाईला ग्रासलं? पुढे लिहिलंय, पुस्तकं बांधायला ती पिठाची खळ वापरते, हा पुरावा. वाचून मला हसू येईना आणि रडूही येईना.

मी आईचं वकीलपत्र घेतलंय. तुझ्या विरुद्ध उभी राहणार.

आणि आता जे कुणाला सांगितलं नाही ते तुला सांगते, कारण दुसरं कुणी नाही. हा खटला मी जिंकणार. सरळ आहे, नवशिका वकीलही जिंकेल. आणि जिंकले की आईला मरू द्यायची परवानगी मी स्वतः वाचून दाखवणार. तू हरलास तर निदान म्हणशील की मी प्रयत्न केला. मी काय म्हणू? त्यामुळे तुझ्यावर चिडायचा हक्क मी राखून ठेवते आणि तो पूर्ण वापरणार आहे.

ताई


दि. २८ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. तुझ्या मायना नसलेल्या पत्रालाही मायना लिहितोय, यावरून कोण जास्त घाबरलंय ते समज.

‘ग्रासलं’ हा शब्द माझा नाही, वकिलाचा. खळीचाही मुद्दा त्याचाच. मी त्याला फक्त आईबद्दल विचारेल ते सांगत गेलो आणि त्यानं त्यातलं हवं ते उचललं. वाचून मला लाज वाटली. तरी मी सही केली. हेही खरं.

तू तिथे आहेस. मी इथे आहे. इस्पितळात संध्याकाळी मी तिचे केस विंचरतो, कारण तिचे हात वर राहत नाहीत. चमचा तोंडापर्यंत नेताना ती मध्ये थांबते, जणू काही आठवलं म्हणून, पण आठवलेलं काही नसतं, श्वास संपलेला असतो. माझ्या दुकानात लोक डोळे तपासायला येतात, खालची ओळ दिसत नाही म्हणतात, मी काच बदलतो, दिसायला लागतं. माझं सगळं आयुष्य असं आहे, ताई. बिघडलं, बदललं, नीट झालं. आणि इथे बदलायची गोष्ट समोर ठेवलेली असताना मी हात बांधून बसू?

तू म्हणतेस कारण पटायची गरज नाही. मला कायद्याचं नको सांगूस. मला ती हवी आहे. यावर तुझ्या पुस्तकात कलम असेल तर कळव.

सुनावणी आठवडाभरात आहे. न्यायाधीशबाई स्वतः वॉर्डात येणार, आईला कोर्टात नेववत नाही म्हणून. मनाचे डॉक्टर आईला तपासून गेले. बाहेर आले तेव्हा हसत होते. माझा अर्ज तिथेच बुडाला असं मला वाटतंय.

लोभ मागत नाही, मिळेल तेवढा घेईन.

गुंड्या


दि. ७ मार्च

चि. गुंड्यास अनेक आशीर्वाद.

सुनावणी संपल्यावर तू जिन्यानं निघून गेलास. मी वरून दोनदा हाक मारली. ऐकू आली नाही असं मी धरून चालते. अर्ज फेटाळला एवढं तुझा वकील सांगेल. पण आत काय झालं ते तो सांगणार नाही, कारण त्याला ते कळलंच नाही. मलाही तिथे बसेपर्यंत कळलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

आईला मोकळेपणानं बोलता यावं म्हणून न्यायाधीशबाईंनी तुला बाहेर बसवलं, त्याचा राग धरू नकोस. त्यांनी दारातच चपला काढल्या, का कोण जाणे, आणि खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. टायवाले डॉक्टर खिडकीशी, तुझा वकील माझ्या शेजारी. मनाच्या डॉक्टरांचा अहवाल वाचला गेला. त्यात आईची समज चोख आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्याला ती उलट प्रश्न विचारते, असं लिहिलं होतं. मग मी उभी राहिले. सगळं तयार होतं. हमालाच्या खटल्यातलं ते गाजलेलं वाक्यही होतं. ते म्हणताना माझा आवाज चिरकला आणि मी पाणी प्यायचं निमित्त केलं. आई माझ्याकडे बघत होती, शाळेच्या स्टेजवर आपलं पोर कविता विसरतं तेव्हा बघतात तशी.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, नकाराचा हक्क आहे, त्यावर मला फार विचार करायचा नाही. मग आईकडे वळून त्यांनी साधं विचारलं, “काय नको ते कळलं. काय चालेल?”

गुंड्या, हे कुणी विचारलंच नव्हतं. तू नाही, मी नाही. मी तर तिच्या बाजूची. तू तिला हो म्हणायला लावत होतास, मी तिच्या नाहीला कुंपण घालत होते, आणि दोघंही तिला तिथेच सोडून आपापसात भांडत होतो.

आई म्हणाली, “मला जगायचं नाही असं मी कधी म्हटलं? जनावराचं नको म्हटलं. लोखंडाची असली तरी बसवा.”

डॉक्टर खिडकीशी उभ्यानंच म्हणाले की धातूची झडप असते, पण त्यांच्याकडे या वयाच्या रुग्णांना ती देत नाहीत. जन्मभर गोळ्या, सारखं रक्त तपासणं, डोक्यात रक्तस्राव व्हायची किंवा गुठळी व्हायची भीती. बाईंनी त्यांच्याकडे मान वळवली. “देत नाही की देता येत नाही?”

माणूस वाईट नाही. पहिल्यांदाच त्यानं टायची गाठ सैल केली. म्हणाला, देता येते. रक्त गोठू न देणारं कारखान्यात बनवलेलं दुसरं औषधही आहे, पण ते सांभाळायला कठीण, त्यांच्या हाताला सवय नाही. दुसऱ्या एका इस्पितळात एकजण ते वापरतात, नेहमीचं औषध ज्यांना सोसत नाही अशांसाठी. मग इतके दिवस बोलला का नाहीत, असं मी विचारणार होते. बाईंनी हात वर करून मला थांबवलं. बरं झालं. उत्तर मला माहीत होतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

निकाल असा. तुझा अर्ज नामंजूर. इस्पितळानं आईला काढायचं नाही, बाकीचे उपचार चालू ठेवायचे, आणि तिचे सगळे कागद त्या दुसऱ्या सर्जनकडे लगेच पाठवायचे. तो नाही म्हणाला तर नाही. हो म्हणाला तर धोका आईनं समजून घ्यायचा आणि आईनंच सही करायची.

जिंकले. पण मला जे जिंकायचं होतं ते नव्हे, आणि जे मिळालं ते मी मागितलंच नव्हतं. अशा निकालावर फी कशी घेतात ते कुठे शिकवत नाहीत.

आता आईला तिकडे न्यायला कुणीतरी हवं. तू जा. मी हुकूम करत नाही, विनवते.

मागचा राखून ठेवलेला निम्मा आशीर्वाद सोबत जोडला आहे.

ताई


दि. १५ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. हाक ऐकू आली होती.

आईला घेऊन गेलो. हे सर्जन अगदी वेगळे. बुटके, बोलके, हातात सतत पेन्सिल. आईनं विचारलं तेवढं सगळं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. झडप आईच्या तळहातावर ठेवली. काळी, गुळगुळीत, दोन इवल्या पाकळ्या उघडमीट करणाऱ्या. आईनं ती उजेडाकडे धरली आणि बिजागरी कुणी बसवली असं विचारलं. काम चोख आहे म्हणाली. ताई, ही बाई मरायला टेकली आहे आणि कारागिरी तपासतेय.

मग त्यांनी स्वच्छ सांगितलं. नेहमीच्या पद्धतीपेक्षा धोका जास्त आहे, वय बघता बराच जास्त. मेंदूत गुठळी जाऊ शकते. ऑपरेशनच्या टेबलावरच त्या जाऊ शकतात. आईनं मान डोलावली. माझ्याकडे बघून म्हणाली, “गुंड्या, आता तुला पटत नसेल तर सांग. ऐकेन. करीन मात्र माझंच.” मी म्हटलं, मग विचारतेस कशाला. म्हणाली, तुला विचारलेलं आवडतं म्हणून.

आई चार ओळी लिहून देतेय, त्या खाली आहेत. तू ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोच.

गुंड्या

चि. ठकी, सही मी केली. अक्षर बघ, अजून सरळ आहे. आत असताना यांचं ते कारखान्याचं औषध अपुरं पडलं तर दुसरं देऊ नका, असंही लिहिलंय. त्या वेळी तुमच्याकडे कुणी धावत आलं तर तुम्ही दोघांनी हो म्हणू नका. फार मागतेय, कळतं मला. गुंड्याचा हात धरून बस. तुला येईल ते. आई.


दि. २ मे

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. साष्टांग आज मनापासून, कारण जमिनीवर बसूनच लिहितोय. टेबलावर सगळीकडे पानं पसरली आहेत आणि त्यांना हात लावायची मला बंदी आहे.

ऑपरेशननंतर आई डोळे उघडेपर्यंत तू थांबलीस आणि गेलीस. डावा हात हलत नाही हे तुझ्या डोळ्यांदेखतच कळलं होतं. आता जरा हलतो, पण मूठ वळत नाही, आणि वळेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. गुठळी छोटी होती म्हणतात. मी सर्जनना एकटं गाठून विचारलं, डुकराची झडप घेतली असती तर हात वाचला असता का? त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, कदाचित. कदाचित तेव्हाही हेच झालं असतं. सांगता येत नाही. ताई, मला निदान चिडायला तरी एक पक्कं उत्तर हवं होतं. तेही नाही.

मी आईला हे बोलून दाखवलं. ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं. म्हटलं, तुझ्या हट्टापायी हात गेला. तिनं उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर घेतला. म्हणाली, “गेला असेल. पण माझ्या हट्टापायी गेला, गुंड्या. दुसऱ्या कुणाच्या नाही.” मग तोंड भिंतीकडे करून रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. तिला पश्चात्ताप नाही. दुःख आहे. या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे मला या वयात कळतंय.

बाकी छळ जोरात चालू आहे. रक्ताच्या तपासणीला दर आठवड्याला मी नेतो. औषधवाल्याला आईनं विचारलं की रक्त पातळ करायच्या गोळीबरोबरच्या या दुसऱ्या गोळीचं वरचं कवच कशाचं? तो बिचारा डबीवरची बारीक अक्षरं वाचत बसला, मी माझं भिंग दिलं. जनावराचं निघालं. आता दुसऱ्या कंपनीची मागवलीय. औषधवाला आम्हाला लांबून बघितलं की आत जातो.

दुकान बंद करायचं मी सुचवलं. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं. तर आता असं आहे, की चष्म्याचं दुकान मिटलं की मी समोर जातो. डाव्या हातानं पानं धरायची ती मी धरतो, उजव्या हातानं ती शिवते. घडी मारायची लाकडी पट्टी मी चालवतो. मी वाईट चालवतो. सोळा पानांची घडी, साधी गोष्ट, शाळेतल्या पोराला जमेल, असं मला रोज ऐकवलं जातं.

आणि एक नवल सांगायचं राहिलं. ती झडप वाजते. तू होतीस तेव्हा यंत्रांच्या आवाजात कळलं नसेल. दुकानात रस्ता शांत झाला की स्पष्ट ऐकू येते, बारीक टिकटिक, आणि ती बोलायला तोंड उघडते तेव्हा जरा जास्तच. सुरुवातीला मला सोसवेना, उठून बाहेर जात होतो. आता सवय झाली. तिला राग आला की टिकटिक वाढते. म्हणजे बोलणी खायच्या आधीच मला कळतं की बोलणी येताहेत. जन्मभर ज्याची गरज होती ती सोय आता झालीय.

परवा संध्याकाळी ती फार गप्प होती. हाताकडे बघत बसलेली. मी एक पान मुद्दाम उलटं लावलं आणि टिकटिक वाढायची वाट पाहिली.

तुझा लोभ इकडे पोचतो, उशिरा पोचतो, पण पोचतो. असाच धाडत राहा.

गुंड्या